ऋतुनिवृत्ती : उपचारांचा इतिहास आणि रुग्ण स्त्रीची साक्ष

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात, स्त्रीचे आर्तव बाराव्या वर्षाच्या सुमारास प्रवृत्त होते आणि वार्धक्याने परिपक्व झालेल्या शरीरात पन्नासाव्या वर्षी ते क्षय पावते, असे एका श्लोकात सांगितले आहे. वाग्भटाने अष्टांगहृदयात हीच वयोमर्यादा दिली आहे. ऋतुकाल, गर्भाधान, गर्भिणीची मासानुमासिक परिचर्या, सूतिकेचा आहारविहार या विषयांवर याच ग्रंथांत विस्ताराने विवेचन आढळते. परंतु ऋतू निवृत्त होत असताना स्त्रीला कोणते क्लेश होतात आणि त्या समयी वैद्याने काय करावे, याविषयी स्वतंत्र प्रकरण नाही. या मौनाचे दोन अर्थ संभवतात. प्राचीन वैद्यांनी ही अवस्था व्याधी मानली नाही, जरेची स्वाभाविक पायरी मानली, हा एक अर्थ. आणि तो त्यांच्या शहाणपणाचा द्योतक म्हणता येईल. दुसरा अर्थ असा की, संततीची शक्यता जेथे संपली तेथे स्त्रीशरीराविषयीची वैद्यकाची जिज्ञासाही संपली. प्रस्तुत लेखकास हे दोन्ही अर्थ एकाच वेळी खरे वाटतात आणि पुढील दोन सहस्र वर्षांच्या इतिहासात ते आळीपाळीने डोके वर काढताना दिसतात.

मराठी लोकभाषेची साक्षही याच दिशेची आहे. मासिक पाळीसाठी आपल्याकडे ‘कडेला बसणे’, ‘बाहेरची होणे’, ‘कावळा शिवणे’ असे कितीतरी पर्याय रूढ झाले. परंतु पाळी कायमची थांबण्याला ‘पाळी जाणे’ यापलीकडे नाव मिळाले नाही. ‘ऋतुनिवृत्ती’ आणि ‘रजोनिवृत्ती’ हे शब्द ग्रंथातले. माजघरात ते कोणी उच्चारीत नसे. तथापि लोकाचाराने या घटनेची नोंद मुळीच घेतली नाही, असे मात्र नाही. भाद्रपद शुद्ध पंचमीचे ऋषिपंचमीचे व्रत पाहावे. रजस्वला असताना कळत नकळत घडलेल्या स्पर्शदोषाच्या निवारणार्थ हे व्रत सांगितले आहे. त्या दिवशी बैलाच्या श्रमाचे धान्य वर्ज्य करून हाताने लावलेल्या भाज्यांवर राहावयाचे, आणि पाळी गेल्यावर त्याचे उद्यापन करावयाचे, अशी चाल अनेक घराण्यांत आहे. म्हणजे पाळी जाण्याचा एक हिशेब आपल्या समाजाने ठेवला होता. पण तो विटाळाचा हिशेब होता. विटाळ सुटल्यामुळे स्त्रीला स्वयंपाकघरात, देवघरात आणि चारचौघांत जी मोकळीक मिळे, ती खरी होती व तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु त्याच स्त्रीच्या अंगातून रात्री वाफा निघत, अंथरूण घामाने भिजे, झोप उडे, सांधे धरत, जीव घाबरा होई. त्याचा हिशेब कोणत्याच वहीत नाही.

या विषयाच्या अभ्यासकापुढील मुख्य अडचण ती हीच. जन्माची नोंद होते, मृत्यूची होते, विवाहाची होते. ऋतुनिवृत्तीला तारीखच नसते. सलग बारा महिने पाळी आली नाही म्हणजे ती गेली, असे आजचे वैद्यक मानते. अर्थात् जी घटना घडली ती एक वर्ष उलटल्यावरच घडली असे म्हणता येते. अशा घटनेला साक्षीदार एकच, ती स्त्री. वैद्यकाने तिची साक्ष केव्हा घेतली, केव्हा घेऊन बाजूस ठेवली आणि केव्हा तिच्याऐवजी दुसऱ्याच कोणाला विचारले, या एका सूत्राने या उपचारांचा इतिहास पाहण्याचा येथे प्रयत्न केला आहे. हे सूत्र प्रथम पश्चिमेत धरावे लागते. कारण या विषयाचे वैद्यकीय वाङ्मय तेथे आधी निर्माण झाले, आणि आपल्या रुग्णालयांत आज जे उपचार होतात किंवा होत नाहीत त्यांची मुळे तेथेच आहेत.

लंडनमधील जॉन फॉदरगिल या वैद्याचा या विषयावरील निबंध १७७६ साली प्रसिद्ध झाला. स्त्रियांना या काळाची भीती बाळगावयास शिकविले जाते, हे त्याने प्रारंभीच सांगितले असून जालीम रेचकांनी प्रकृतीची हानी होते असा इशारा दिला आहे. फ्रान्समध्ये शार्ल द गार्दान याने १८१६ साली या अवस्थेला ग्रीक शब्दांवरून एक नाव बनविले व १८२१ च्या आवृत्तीत ते सुटसुटीत करून ‘मेनोपॉज’ असे रूढ केले. नाव मिळाले की वस्तूला अस्तित्व येते. त्यापूर्वी ‘कठीण वय’, ‘पालटाचा काळ’ असे मोघम बोलले जाई. आता त्याला निदानाचे रूप आले.

परंतु या शतकातील सर्वांत लक्षणीय पुरुष म्हणजे एडवर्ड जॉन टिल्ट. लंडनच्या या डॉक्टराने १८५७ साली ऋतुनिवृत्तीवर इंग्रजीतील पहिला विस्तृत ग्रंथ सिद्ध केला. त्याचे वैशिष्ट्य असे की, त्याने ५०० स्त्रियांची हकीकत जमवून कोष्टके तयार केली. पाळी कोणत्या वयात गेली, एकाएकी गेली की हळूहळू, अंगातून वाफा निघतात काय, घाम किती येतो, डोके जड होते काय, असे प्रश्न त्याने विचारले व उत्तरे मोजली. आजच्या कसोट्यांनी ही मोजणी ओबडधोबड ठरेल. तरी शेकडो स्त्रियांना त्यांच्याच शरीराविषयी विचारून ते लिहून ठेवणारा हा उद्योग आपल्या जागी मोठा आहे. खेदाची गोष्ट ही की, साक्ष घेतल्यावर निवाडा मात्र त्याने आपल्या पूर्वग्रहांनुसार दिला. अफू, बेलाडोनाचे लेप, शिशाच्या क्षाराच्या द्रावणाने योनिधावन हे त्याचे उपचार होते. आणि या वयातील स्त्रीच्या बुद्धीवर विश्वास ठेवता येत नाही, अशी त्याची एकूण धारणा होती. जिच्या शब्दांवर कोष्टके उभारली तिच्याच शब्दांवर अविश्वास, ही विसंगती त्याच्या ध्यानात आलेली दिसत नाही.

टिल्टचा हिंदुस्थानाशीही संबंध आला. १८७५ साली त्याच्या ‘हिंदुस्थानातील ब्रिटिश स्त्रियांचे आरोग्य’ या विषयावरील पुस्तकाची चौथी आवृत्ती निघाली. उष्ण हवेत गोऱ्या स्त्रीच्या गर्भाशयाचे काय होते, याची चिंता त्यात आहे. या देशातील कोट्यवधी स्त्रिया त्याच हवेत ऋतुप्राप्त होत व ऋतुनिवृत्त होत, परंतु ५०० स्त्रियांना प्रश्न विचारणाऱ्या या माणसाने त्यांच्यासाठी पुस्तक लिहिले नाही. त्या काळी ते कोणी लिहिलेच नसते, हेही खरे.

याच सुमारास शस्त्रवैद्यांनी निराळा मार्ग काढला. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातील रॉबर्ट बॅटी याने १८७२ साली पाळीच्या वेळी असह्य त्रास होणाऱ्या एका तरुण स्त्रीचे दोन्ही अंडाशय काढले. ते रोगग्रस्त नव्हते. शस्त्राने ऋतुनिवृत्ती घडवून आणावी, म्हणजे पाळीबरोबर त्रासही जाईल, हा त्याचा स्पष्ट हेतू होता. त्याच वर्षी जर्मनीत आल्फ्रेड हेगार आणि इंग्लंडात लॉसन टेट यांनीही अशा शस्त्रक्रिया केल्या. पुढील सुमारे तीस वर्षे या शस्त्रक्रियेचे पेव फुटले. पोटदुखी, आकडी, उन्माद, नुसता चिडखोर स्वभाव, कशावरही ती सुचविली जाऊ लागली. अनेक स्त्रिया शस्त्रक्रियेत दगावल्या. ज्या वाचल्या त्यांना पंचविशी-तिशीतच तीव्र स्वरूपात वाफा, घाम आणि निद्रानाश सुरू झाला. वाचकांनी हे साल व ही कल्पना ध्यानात ठेवावी. लेखाच्या उत्तरार्धात तिची पुन्हा गाठ पडणार आहे.

या अनर्थातून शास्त्राला एक सत्य मात्र लाभले. अंडाशय काढले की असे का होते, या प्रश्नाचा पाठपुरावा करताना व्हिएन्नाच्या एमिल क्नाउअर याने अंडाशयाचे कलम दुसऱ्या जागी लावूनही गर्भाशय सुकत नाही, असे सशांवरील प्रयोगांत दाखविले व १९०० पर्यंत ते सिद्ध केले. म्हणजे अंडाशय मज्जातंतूंच्या द्वारे कार्य करीत नसून रक्तात काही द्रव्य सोडतो. ते द्रव्य हाती लागावयास आणखी दोन तपे गेली. १९२३ साली एडगर ॲलन व एडवर्ड डॉइझी यांनी डुकरिणीच्या अंडाशयातील रसाचा गुण उंदरांवर दाखविला; १९२९ साली डॉइझी आणि जर्मनीतील आडोल्फ बूटेनान्ट यांनी स्वतंत्रपणे गर्भवतीच्या मूत्रातून ते स्फटिकरूपाने वेगळे केले. ‘इस्ट्रोजेन’ वर्गातील हे पहिले शुद्ध संप्रेरक. १९३८ साली चार्ल्स डॉड्स याने त्याच गुणाचे एक स्वस्त कृत्रिम द्रव्य बनविले व १९४१ साली अमेरिकेत ते ऋतुनिवृत्तीच्या त्रासावर देण्यास मान्यता मिळाली. (हेच द्रव्य गर्भवतींना गर्भपात टळावा म्हणून देण्यात आले आणि त्यांच्या मुलींना एक दुर्मिळ कर्करोग झाल्याचे १९७१ साली उघड झाले, ही त्याची दुसरी व दुःखद कथा.) १९४२ पासून गाभण घोड्यांच्या मूत्रातून काढलेले ‘प्रेमारिन’ अमेरिकेच्या बाजारात आले. वाफा व घाम या त्रासांवर रामबाण म्हणावे असे औषध प्रथमच वैद्यांच्या हाती आले. येथवर शास्त्राची कामगिरी गौरवास्पद आहे.

पुढे जे झाले ते शास्त्रापेक्षा व्यापाराच्या इतिहासात मोडते. १९६६ साली न्यूयॉर्कचे डॉक्टर रॉबर्ट विल्सन यांचे ‘फेमिनिन फॉरएव्हर’ हे पुस्तक निघाले. ऋतुनिवृत्ती हा अभावजन्य रोग असून संप्रेरके न घेणारी स्त्री स्त्रीत्वच गमावते, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुस्तक हातोहात खपले. औषध कंपन्यांचा पैसा या कार्यामागे होता, हे पुढे उघडकीस आले. येथे लक्षणीय गोष्ट अशी की, या पुस्तकात स्त्रीला काय होते यापेक्षा तिच्या पतीला तिचे काय वाटते यालाच अधिक महत्त्व आहे. साक्षीदार बदलला होता. वाफा आणि घाम यांनी त्रस्त झालेल्या स्त्रीला काही काळ औषध द्यावे, ही सरळ गोष्ट मागे पडली आणि सर्वांनी, आजन्म, तारुण्यासाठी औषध घ्यावे, हे तिच्या जागी आले.

१९७५ च्या डिसेंबरात अमेरिकेतील दोन स्वतंत्र अभ्यास एकाच अंकात प्रसिद्ध झाले. इस्ट्रोजेन घेणाऱ्या स्त्रियांत गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाची शक्यता एका अभ्यासात ४.५ पट, तर दुसऱ्यात ७.६ पट आढळली. त्यावर उपाय सापडला. ज्यांचे गर्भाशय शाबूत आहे त्यांना इस्ट्रोजेनच्या जोडीला प्रोजेस्टोजेन दिले म्हणजे अस्तराचे रक्षण होते. औषधाची गाडी पुन्हा रुळावर आली आणि आता हृदयविकार टाळण्यासाठीही ते दिले जाऊ लागले, यद्यपि तसा भक्कम पुरावा हाती नव्हता.

२००२ च्या जुलैत हा डोलारा कोसळला. ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या प्रचंड चाचणीतील संयुक्त संप्रेरकांचा भाग मुदतीपूर्वी थांबविण्यात आला. त्यात १६,६०८ स्त्रिया होत्या. स्तनाच्या कर्करोगाचा धोका २६ टक्क्यांनी वाढला, ही बातमी जगभर पसरली. आकड्याचे दुसरे रूप मात्र फारसे कोणी छापले नाही. दर वर्षी १०,००० स्त्रियांमागे औषध न घेणाऱ्यांत ३०, तर घेणाऱ्यांत ३८ असे ते प्रमाण होते; म्हणजे १०,००० मागे आठ अधिक. पक्षाघात व फुप्फुसातील गुठळ्याही साधारण तितक्याच अधिक आढळल्या. उलट मांडीचे हाड मोडण्याचे प्रमाण पाचने व मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे सहाने घटले. त्याहूनही महत्त्वाची गोष्ट अशी की, चाचणीतील स्त्रियांचे वय ५० ते ७९ होते आणि सरासरी ६३. औषधाने दूरचे आजार टळतात काय, हा चाचणीचा प्रश्न होता. पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे अंगातून वाफा निघणाऱ्या स्त्रीला ते द्यावे काय, हा नव्हताच. पण उत्तर तिलाच लागू करण्यात आले. औषधांच्या चिठ्ठ्या झपाट्याने घटल्या, आणि पुढील दीड-दोन दशकांत शिकून बाहेर पडलेल्या डॉक्टरांच्या मनात या औषधाविषयी भीती तेवढी शिल्लक राहिली.

याच चाचणीचा दुसरा भाग शस्त्रक्रियेने गर्भाशय काढलेल्या १०,७३९ स्त्रियांचा होता. त्यांना केवळ इस्ट्रोजेन देण्यात आले. २००४ साली पक्षाघाताच्या धोक्यामुळे तोही थांबला. परंतु स्तनाच्या कर्करोगात वाढ आढळली नाही, पुढील वर्षांत घटच दिसली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अठरा वर्षांच्या पाठपुराव्यात दोन्ही भागांत औषध घेणाऱ्या व न घेणाऱ्या स्त्रियांच्या एकूण मृत्युप्रमाणात फरक आढळला नाही. आज तज्ज्ञ संस्थांचे मत साधारण असे स्थिरावले आहे की, वय साठीच्या आत असेल किंवा पाळी जाऊन दहा वर्षे झाली नसतील, वाफा-घामाचा त्रास जाचक असेल, आणि स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या, पक्षाघात, यकृताचा विकार अथवा अकारण रक्तस्राव यांचा इतिहास नसेल, तर बहुतेक स्त्रियांच्या बाबतीत औषधाचा लाभ धोक्याहून अधिक असतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधांवरील ठळक चौकटीतील बहुतेक इशारे काढण्याचा निर्णय जाहीर केला. लंबक पुन्हा पलीकडे जाऊन नवा विल्सन निर्माण होणार काय, अशी शंका इतिहासाच्या अभ्यासकाला आल्यावाचून राहत नाही.

आता आपल्या देशाकडे वळू. अमेरिकेत वरील दोन अभ्यास निघाले त्याच १९७५ साली मार्चा फ्लिंट या मानवशास्त्रज्ञ स्त्रीने राजस्थान व हिमाचल प्रदेशातील ४८३ रजपूत स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या स्त्रियांनी पाळी अनियमित होण्यापलीकडे फारसा त्रास सांगितला नाही. पाळी गेल्यावर त्यांचा पडदा सुटे, पुरुषमंडळींत बसता-बोलता येई. यावरून, जेथे ऋतुनिवृत्ती हे बक्षीस असते तेथे तिचा त्रास होत नाही, असा सिद्धान्त मांडला गेला. पुढे १९९३ च्या ग्रंथात मार्गारेट लॉक यांनी जपानी स्त्रियांत वाफांची तक्रार कमी, तर खांदे आखडण्याची अधिक, असे दाखविले. या अभ्यासांनी विल्सनच्या ‘अभावजन्य रोगा’ला चांगलाच शह दिला, यात संशय नाही. ऋषिपंचमीच्या उद्यापनाचा अर्थ ज्याला ठाऊक आहे त्याला फ्लिंट यांचे निरीक्षण पटण्याजोगेही वाटेल.

परंतु या निरीक्षणाचा आपल्याकडे जो उपयोग झाला तो हिताचा झाला नाही. ‘आपल्या बायकांना हा त्रास होतच नाही, ही पाश्चात्य थेरे आहेत’, असे म्हणावयास त्याने शास्त्राचा आधार मिळाला. वस्तुतः त्रास नसणे आणि त्रास न सांगणे यांत अंतर आहे. ज्या समाजात ‘पाळी’ हा शब्दही पुरुषांदेखत उच्चारावयाचा नाही, तेथे परक्या संशोधिकेस मिळालेले उत्तर हे शरीराचे उत्तर होते की मर्यादेचे, हे ठरविणे सोपे नाही. पुढे भारतात झालेल्या पाहण्यांत अंगातून वाफा निघण्याचे प्रमाण काही ठिकाणी पाश्चात्य देशांहून कमी आढळले. पण सांधेदुखी, थकवा, झोप न लागणे, उदासपणा, लघवीची जळजळ या तक्रारी भरपूर आढळल्या. भारतीय स्त्रीची पाळी सरासरीने ४६-४७ च्या आसपास, म्हणजे पाश्चात्य स्त्रीच्या चार-पाच वर्षे आधी जाते, हेही दिसून आले. अमेरिकेतील अनेक वंशांच्या स्त्रियांच्या दीर्घ अभ्यासात, वारंवार वाफा येणाऱ्यांना त्या मध्यमानाने ७.४ वर्षे छळतात, असे २०१५ साली आढळले. ‘चार दिवसांचा त्रास, निघून जाईल’ या घरगुती धीरापुढे हा आकडा ठेवण्याजोगा आहे.

आपल्या आरोग्यव्यवस्थेत ही स्त्री का दिसत नाही, याचे कारण तिच्या उभारणीत आहे. १८८५ साली लेडी डफरिन यांच्या नावाने स्त्रियांच्या वैद्यकीय साहाय्याचा निधी स्थापन झाला. १८८६ साली मुंबईत पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून स्त्रियांचे रुग्णालय उघडले. त्याच वर्षी आनंदीबाई जोशी यांनी फिलाडेल्फियात पदवी घेतली, त्यांच्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. बाळंतरोगाने स्त्रिया पटापट मरत असता हे असेच व्हावयास हवे होते. त्या पिढीला दोष देणे कृतघ्नपणाचे होईल. स्वातंत्र्यानंतर १९५२ साली कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि स्त्रीची गणना प्रसवक्षम वयाच्या चौकटीत पक्की झाली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आजही १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांना प्रश्न विचारले जातात. त्यात ऋतुनिवृत्तीचा प्रश्न आहे. पण एकोणपन्नासाव्या वर्षानंतर पाळी गेलेली स्त्री त्या पाहणीत नाहीच. १९९५ साली भारतीय मेनोपॉज सोसायटी स्थापन झाली, तिच्या शाखांनी शहरांतून चांगले काम केले आहे. २०१७-१८ च्या वार्धक्यविषयक राष्ट्रीय पाहणीने ४५ वर्षांवरील स्त्रियांना प्रथमच मोठ्या प्रमाणावर विचारात घेतले. खेड्यातील उपकेंद्रावरील परिचारिकेकडे मात्र गर्भवतीसाठी कार्ड असते, बाळासाठी असते. पंचेचाळिशीच्या बाईसाठी रक्तदाबाच्या पट्ट्यापलीकडे बहुधा काही नसते.

जेथे औषध नाही, सल्ला नाही, तेथे एकच उपचार मुबलक मिळाला. ग्रामीण महाराष्ट्रात त्याला ‘पिशवी काढणे’ म्हणतात. बीड जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास लक्षावधी माणसे पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात ऊसतोडीस जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. एक दिवस खाडा झाला की दंड उचलीत धरला जातो. पहाटेपासून मोळ्या वाहणे, कोपीत पाणी नाही, आडोसा नाही. अशा स्थितीत अंगावरून पांढरे जाते, कंबर दुखते, पाळीत फार जाते, म्हणून ही बाई गावाकडच्या दवाखान्यात गेली की पिशवी काढून टाकण्याचा सल्ला मिळे, आणि कित्येकींना कर्करोगाची भीती घातली गेली. पाळी गेली म्हणजे खाडाही गेला, असा व्यवहारही त्यात मिसळला. २०१९ साली हा प्रश्न विधिमंडळात गाजला व विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यातील सुमारे ८२,००० ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींची शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले, म्हणजे जवळजवळ सहांपैकी एक. पुढील, २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण शंभरी तीन होते.

१८७२ साली जॉर्जियात बॅटीने जे केले आणि बीडमध्ये जे झाले, त्यांत हेतूचा फरक आहे, तर्क मात्र एकच : त्रासाचे कारण न शोधता पाळीच नाहीशी करावी. गर्भाशयाबरोबर अंडाशयही काढले गेले असतील तर ऋतुनिवृत्ती एका दिवसात ओढवते आणि तिची लक्षणे नैसर्गिक निवृत्तीहून तीव्र असतात; अंडाशय राखले तरी ते बहुधा काही वर्षे आधी थकतात. कमी वयात इस्ट्रोजेन नाहीसे झाल्याने हाडे ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. म्हणून अशा स्त्रीला, दुसरी अडचण नसल्यास, नैसर्गिक निवृत्तीच्या वयापर्यंत इस्ट्रोजेन द्यावे, असा आज सर्वमान्य सल्ला आहे. आणि गर्भाशय नसल्यामुळे तिला प्रोजेस्टोजेनचीही आवश्यकता नसते. ज्या चाचणीच्या भयाने औषध मागे पडले, त्याच चाचणीच्या दुसऱ्या भागाने ज्यांच्याविषयी सर्वांत अधिक दिलासा दिला, त्या वर्गात या तिशी-चाळिशीतल्या बायका मोडतात. फडावर मोळी उचलताना चक्कर येते, कंबर धरते, घाम फुटतो, असे त्या सांगतात. वेदनाशामक गोळी मिळते.

योग्य उपचार म्हणजे काही दुर्लभ वस्तू नव्हे. त्रास ऐकून तो लिहून घेणे, रक्तक्षय व थायरॉइड तपासणे, रक्तदाब पाहणे. वाफांचा त्रास जाचक असेल आणि प्रतिबंधक कारण नसेल तर अल्प मात्रेत संप्रेरके, तीही गुठळ्यांची भीती असल्यास त्वचेवरील पट्टी किंवा जेलच्या रूपाने. संप्रेरके देता येत नसतील तर इतर औषधे, ज्यांत २०२३ साली अमेरिकेत मान्य झालेल्या, मेंदूतील तापनियंत्रक केंद्रावर कार्य करणाऱ्या नव्या गोळीचीही भर पडली आहे. योनीचा कोरडेपणा व लघवीची जळजळ यांवर स्थानिक मलम. आणि पाळी जाऊन वर्ष झाल्यावर थेंबभर जरी रक्त गेले तरी तातडीने तपासणी. यातील शेवटची गोष्ट प्रत्येक घरात ठाऊक असावयास हवी. कारण ‘गेलेली पाळी परत आली’ म्हणून ती हसण्यावारी नेली जाते आणि कर्करोगाची पहिली खूण हातची निसटते.

बीडच्या प्रकरणानंतर जिल्ह्यात खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकाची परवानगी घेणे आवश्यक करण्यात आले. केंद्र शासनाने २०२२ साली मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती तीन महिन्यांत लागू करण्याचा आदेश सर्व राज्यांना दिला. हे सर्व निर्बंध पुढे होणाऱ्या शस्त्रक्रियांसाठी आहेत. ज्या १३,८६१ जणींची मोजणी झाली, त्यांच्या बाबतीत अंडाशय राखले गेले की काढले गेले, त्यानंतर अंगात वाफा केव्हा सुरू झाल्या, झोप किती राहिली, हाडे मोडली काय, कोणी कोणते औषध सुचविले, हे त्यांच्याच तोंडून लिहून घेण्याचे काम वैद्यकाच्या व इतिहासाच्या अभ्यासकांनी मिळून करावयास हवे. टिल्टने ५०० जणींना विचारले होते. ही विचारपूस पावसाळ्यात करावी लागेल; दसरा उलटला की गावे रिकामी होतात.